गणिताचा शिक्षक आणि उद्योगाचे द्रव्य

बावन्नातून सत्तावीस वजा केले तर बाकी किती राहते, असा प्रश्न तिसरी-चौथीच्या वर्गात विचारला असता पुष्कळ मुले ३५ हे उत्तर लिहितात. बरोबर उत्तर २५ आहे हे शिक्षकाला ठाऊक असते. तो उत्तरावर फुली मारतो, ‘लक्ष कुठे होते?’ असे विचारतो आणि पुढच्या मुलाकडे वळतो. वस्तुतः त्या मुलाचे लक्ष हिशेबातच होते. दोनातून सात जात नाहीत हे त्याने पाहिले, म्हणून त्याने सातातून दोन वजा केले. मग पाचातून दोन वजा केले. आणि आलेले अंक आपापल्या घरात मांडले. लहान अंक नेहमी मोठ्या अंकातून वजा करावा, असा नियम त्याने मनाशी बांधला होता आणि तो त्याने काटेकोरपणे पाळला. चूक झाली ती नियम मोडल्यामुळे नव्हे, तर चुकीचा नियम पाळल्यामुळे. अशा मुलाला ‘नीट लक्ष दे’ असे सांगून उपयोग होत नाही; उद्या तो अधिक लक्षपूर्वक तीच चूक करतो.

दुसरे एक मूल ‘तीनशे दोन’ ही संख्या ३००२ अशी लिहिते. तेही मूल निर्बुद्ध नसते. तीनशे म्हणजे ३००, आणि त्यापुढे दोन म्हणजे २. जसे कानांवर पडले तसे त्याने लिहिले. अंकाची किंमत त्याच्या स्थानावर ठरते, ही मोठी कल्पना अद्याप त्याच्या मनात रुजलेली नाही, एवढेच त्या उत्तरावरून समजावयाचे. परंतु ते समजण्यासाठी उत्तरपत्रिका वाचणाराला एक विशेष दृष्टी लागते. ही दृष्टी नुसत्या पदवीने येत नाही आणि नुसत्या अनुभवानेही येत नाही. ती शिकावी लागते. आणि शिकावी लागते म्हणून कोणीतरी ती शिकविण्याची सोय करावी लागते.

या सोयीची निकड किती आहे हे ‘प्रथम’ या संस्थेच्या पाहणीवरून दिसते. ‘असर’ या नावाने प्रसिद्ध होणाऱ्या या पाहणीत ग्रामीण भागातील मुलांना घरी जाऊन साधी गणिते सोडवावयास देतात. २०२४ च्या पाहणीत पाचवीतील मुलांपैकी ३०.७ टक्के मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. २०२२ मध्ये हे प्रमाण २५.६ टक्के होते. सुधारणा झाली, हे खरेच. तथापि दहांपैकी सात मुले भागाकार न येता पाचवीच्या वर्गात बसलेली आहेत, हेही तितकेच खरे. गणित हा पायऱ्यांचा विषय आहे. इतिहासातील एक प्रकरण राहिले तर पुढचे वाचता येते. पण दशक-शतकाची समज राहिली तर भागाकार राहतो, भागाकार राहिला तर अपूर्णांक राहतो, अपूर्णांक राहिला तर बीजगणित केवळ अक्षरांचा गोंधळ वाटू लागतो. मूल शाळेत बसलेले असते, पण विषयातून ते केव्हाच उठून गेलेले असते.

शिक्षकाच्या अंगी जी जाण हवी, तिचे एक उदाहरण मराठी घरातच सापडते. मराठीत ५२ ला ‘बावन्न’ म्हणतात. म्हणजे आधी दोन आणि मग पन्नास. लिहिताना मात्र पाच आधी येतो आणि दोन मागून. २९ ची तर गोष्टच वेगळी. ‘एकोणतीस’ म्हणजे तिसाला एक उणा, त्यात वीस कोठे ऐकूही येत नाही. कानडीत याच्या उलट स्थिती आहे. तेथे ५२ ला ‘ऐवत्तेरडु’ म्हणतात, म्हणजे पन्नास आणि दोन. तेलुगूतही दशक आधी आणि एकक मागून. बेळगावच्या किंवा हैदराबादच्या मराठी मुलाच्या कानांवर या दोन्ही रीती एकाच दिवशी पडतात. २५ च्या जागी ५२ लिहिणारे मूल त्या वर्गात आढळले तर त्याचे कारण कदाचित हेच असेल. हे ज्या शिक्षकाला ठाऊक आहे तो मुलाच्या हाती दहादहाच्या जुड्या आणि सुट्या काड्या देऊन बोललेली संख्या मांडून दाखवावयास सांगेल. ज्याला ठाऊक नाही तो तीच संख्या दहा वेळा लिहून आणावयास सांगेल. दोन्ही शिक्षक कष्टाळू असू शकतात. फरक कष्टांत नाही, समजुतीत आहे.

२०१९ मध्ये ‘बालभारती’च्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ अशा तऱ्हेने संख्या वाचण्याची रीत देण्यात आली, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद माजला. गणिताच्या अभ्यासक डॉ. मंगला नारळीकर यांनी त्या बदलामागील कारणे जाहीरपणे समजावून सांगितली. बदल योग्य की अयोग्य याविषयी मतभेद असू शकतील. पण संख्यांची नावे लहान मुलाला का अडवितात, या प्रश्नाचा विचार त्या निमित्ताने पुष्कळांनी प्रथमच केला. वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाला असे प्रश्न रोजच भेटतात. त्यांचा विचार करण्यास त्याला अवकाश, साधने आणि सोबत मिळते काय, हा खरा मुद्दा आहे.

अपूर्णांकांच्या बाबतीत हा मुद्दा अधिकच स्पष्ट होतो. पावणेदोनाला अर्ध्याने भागावयाचे आहे. रीत सर्वांना पाठ असते: भाजक उलटा करावा आणि गुणावे, उत्तर साडेतीन. पण पावणेदोनाला एवढ्याशा अर्ध्याने भागले असता उत्तर मूळ संख्येहून मोठे कसे आले, असे एखाद्या मुलीने विचारले तर काय सांगावयाचे? ‘पावणेदोन लिटर दूध आहे, अर्धा लिटर मावणाऱ्या किती बाटल्या भरतील?’ असे विचारले की गाठ सुटते. तीन बाटल्या पूर्ण भरतात, चौथी अर्धी भरते, म्हणजे साडेतीन. याउलट ‘पावणेदोन भाकरी दोघांत वाटल्या’ असे उदाहरण दिले तर ते अर्ध्याने भागणे नव्हे, दोनाने भागणे झाले. पावकी, निमकी आणि दिडकीच्या पाढ्यांवर वाढलेल्या मराठी माणसालाही हा भेद चटकन सांगता येईलच असे नाही.

लिपिंग मा या चिनी वंशाच्या विदुषीने नेमका हाच हिशेब २३ अमेरिकन आणि ७२ चिनी प्राथमिक शिक्षकांपुढे ठेवला होता. तिचे पुस्तक १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि शिक्षणाच्या जगात त्याने खळबळ उडविली. चिनी शिक्षकांपैकी सर्वांचे उत्तर बरोबर आले आणि बहुतेकांना त्यावर शोभेल असे व्यवहारातील उदाहरणही रचता आले. अमेरिकन शिक्षकांपैकी निम्म्यांनाही अचूक उत्तर काढता आले नाही, आणि उदाहरण रचताना तर जवळजवळ सगळेच अडखळले. विशेष हे की, चिनी शिक्षकांचे औपचारिक शालेय शिक्षण अमेरिकन शिक्षकांहून कमी वर्षांचे होते. मग ही समज त्यांच्या ठिकाणी आली कोठून? पाठ्यपुस्तकाचा एकत्र बसून बारकाईने अभ्यास करावा, सहकाऱ्यांशी पाठाची चर्चा करावी, एकच विषय अनेक वर्षे शिकवावा, अशा व्यवस्थेतून ती आली. शिक्षक नोकरीत असतानाच शिकत राहतो, हे त्या पुस्तकाचे सार म्हणता येईल.

भारतातही हे दुखणे ओळखले गेले आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी गणितशिक्षणावर जो अभ्यासगट नेमला होता, त्याने गणिताच्या अध्यापनातील चार मुख्य दोष दाखविले. मुलांच्या मनातील भीती आणि अपयशाची भावना, निराश करणारा अभ्यासक्रम, यांत्रिक आकडेमोडीलाच महत्त्व देणारी परीक्षापद्धती, आणि शिक्षकाच्या तयारीची व पाठबळाची उणीव, हे ते चार दोष होत. यांतील शेवटचा दोष दूर झाल्यावाचून पहिले तीन दूर होणे कठीण. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने दरवर्षी निदान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा आहे. अपेक्षा कागदावर उतरली. परंतु ते ५० तास कशाने भरावयाचे, कोणी भरावयाचे आणि त्याचा खर्च कोणी सोसावयाचा, हे प्रश्न उरतातच. येथेच उद्योगसंस्थांचा संबंध येतो.

व्यापाराच्या उत्पन्नातून गणिताच्या अध्यापनाला आधार मिळावा, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. खानदेशात चाळीसगावजवळ पाटण येथे शके ११२८ चा, म्हणजे सुमारे आठशे वर्षांपूर्वीचा, एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात विद्वानांच्या नजरेस आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापन केला आणि निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्याला दान दिले, अशी त्यात नोंद आहे. लेखाच्या मराठी भागात हे दान कोठून यावयाचे तेही सांगितले आहे. पाटणच्या बाजारात विक्रीस येणाऱ्या मालावरील राजाचा हक्क मठाला मिळावा आणि तेल्याच्या प्रत्येक घाण्यामागे एक पळी तेल द्यावे, असा त्याचा आशय आहे. सिद्धांतशिरोमणीचे अध्ययन चालावे म्हणून घाण्यावरचे तेल लावून द्यावे, ही व्यवस्था मोठी अर्थपूर्ण आहे. दान एकदाचे नव्हते. घाणा फिरत राहील तोवर विद्येचा दिवा तेवत राहावा, अशी तिची योजना होती.

योगायोग असा की, आजच्या काळातील भारतातील एका मोठ्या शिक्षणविषयक दानाचा उगमही त्याच जिल्ह्यातील एका तेलाच्या कारखान्यात आहे. चाळीसगावप्रमाणेच जळगाव जिल्ह्यात असलेल्या अमळनेर येथे १९४५ च्या डिसेंबरात महंमद हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तूप तयार करणारी कंपनी काढली. १९६६ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर अवघ्या २१ वर्षांचे त्यांचे चिरंजीव अझीम प्रेमजी यांनी कारभार हाती घेतला. पुढे तीच कंपनी ‘विप्रो’ या नावाने संगणकाच्या व्यवसायात जगप्रसिद्ध झाली. २००१ मध्ये अझीम प्रेमजी फाउंडेशन ही संस्था स्थापन झाली आणि प्रेमजींनी आपल्या भागांचे उत्पन्न क्रमाक्रमाने तिच्याकडे वळविले. २०१९ च्या मार्चमध्ये जाहीर झालेले दान धरून या निधीची किंमत त्या वेळच्या बाजारभावाने सुमारे १ लाख ४५ हजार कोटी रुपये होती.

या संस्थेच्या वाटचालीत इतर उद्योगपतींनी लक्षात घेण्यासारखी एक गोष्ट आहे. आरंभीच्या काळात तिने अनेक राज्यांतील सरकारी शाळांतून संगणकाच्या साहाय्याने मुलांना शिकविण्याचा मोठा कार्यक्रम हाती घेतला होता. संगणकाच्या धंद्यात यश मिळविलेल्या माणसाला हा मार्ग जवळचा वाटावा, हे स्वाभाविक आहे. परंतु यंत्र आले म्हणून शिक्षण सुधारत नाही, असा अनुभव आल्यावर तो कार्यक्रम आवरता घेण्यात आला आणि संस्थेचे लक्ष शिक्षकाकडे वळले. कर्नाटक, राजस्थान, उत्तराखंड, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, पुदुच्चेरी अशा ठिकाणी जिल्ह्यांत राहून काम करणारी माणसे तिने नेमली. शिक्षक अध्ययन केंद्रे उघडली. तेथे पुस्तके असतात, गणिताची साधने असतात, आणि शाळा सुटल्यावर किंवा सुटीच्या दिवशी शिक्षक आपखुशीने एकत्र जमतात. बेंगळुरू येथे २०१० मध्ये आणि पुढे भोपाळ येथे २०२३ मध्ये तिने विद्यापीठे सुरू केली. ऋषी व्हॅली विद्यालयाच्या सहकार्याने २०१२ पासून ‘अ‍ॅट राइट अँगल्स’ हे शालेय गणिताला वाहिलेले नियतकालिक निघू लागले.

विज्ञानाच्या अध्यापनात अशाच एका सहकार्याचे उदाहरण त्याहून जुने आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ मध्ये सर दोराबजी टाटा न्यासाच्या साहाय्याने मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र उभारले. केंद्राच्या पहिल्या कामांपैकी एक काम खानदेशातच, जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसराच्या ग्रामीण शाळांतून झाले. पुढे गणिताच्या अध्यापनातील अडचणींचे संशोधन हे या केंद्राचे एक महत्त्वाचे अंग बनले. उद्योगाचा पैसा, शास्त्रज्ञाचे ज्ञान आणि खेड्यातील शिक्षकाचा अनुभव या तिन्हींची सांगड घालता येते, हे येथे दिसून आले.

आता प्रश्न असा की, शिक्षकाला गणित शिकविले म्हणजे मुलांचे गणित सुधारते काय? या प्रश्नाचे उत्तर देताना उत्साहाला थोडा आवर घालणे इष्ट. अमेरिकेत ‘इंटेल’ या संगणकाचे भाग बनविणाऱ्या कंपनीने प्राथमिक शिक्षकांसाठी ८० तासांचा एक गणिताचा वर्ग प्रचारात आणला होता. व्हरमाँट राज्यात गणितज्ञ केनेथ ग्रोस यांनी चालविलेल्या उपक्रमावर तो आधारलेला होता. त्यात रीती घोकून घेत नसत; रीतीच्या पोटातील अर्थ उलगडून दाखवीत. या वर्गाची सरकारी परीक्षा झाली. पाच राज्यांतील चौथीच्या शिक्षकांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट करून एका गटाला २०१३ च्या उन्हाळ्यात हा वर्ग आणि त्यानंतर वर्षभर काही बैठका व पाठांवरील अभिप्राय असे शिक्षण दिले. २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शिक्षकांचे गणिताचे ज्ञान चांगलेच वाढले होते. शिकविण्यातही काही बाबतींत फरक पडला होता. परंतु त्या वर्षाअखेर त्यांच्या विद्यार्थ्यांचे गुण दुसऱ्या गटातील विद्यार्थ्यांपेक्षा वाढले नव्हते.

हा निष्कर्ष कडू आहे, पण उपयुक्त आहे. याच्या शेजारी दुसरा एक प्रयोग ठेवून पाहावा. विस्कॉन्सिन विद्यापीठातील कार्पेंटर, फेनेमा आणि त्यांचे सहकारी यांनी पहिलीच्या ४० शिक्षकांना घेऊन तो केला. त्याचा वृत्तांत १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याला पैसा उद्योगाचा नव्हता, सरकारी विज्ञानप्रतिष्ठानाचा होता. यांपैकी निम्म्या शिक्षकांना चार आठवडे एकच गोष्ट शिकविली: लहान मुले शाब्दिक उदाहरणे स्वतःच्या बुद्धीने कशी सोडवितात. एका मुलीजवळ पाच चिंचोके आहेत. आठ होण्यासाठी आणखी किती हवेत? मोठा माणूस आठातून पाच वजा करतो. मूल पाचाच्या पुढे सहा, सात, आठ असे मोजते आणि तीन बोटे दाखविते. हे मोजणे चूक नव्हे, वजाबाकीकडे जाणारी ती पहिली पायरी आहे. शिक्षकाने काय शिकवावे हे संशोधकांनी ठरवून दिले नाही. मुलाचे बोलणे कसे ऐकावे एवढेच दाखविले. त्या शिक्षकांची मुले उदाहरणे सोडविण्यात पुढे गेली, आणि आकडेमोडीवर कमी वेळ खर्चूनही संख्यांची पाठांतरे त्यांना अधिक चांगली येऊ लागली.

केवळ दोन प्रयोगांवरून सिद्धांत मांडणे धाडसाचे होईल. वर्ग निराळे, काळ निराळा, परीक्षाही निराळ्या. तथापि एवढे म्हणता येते की, शिक्षकाच्या डोक्यात गणित भरणे आणि शिक्षकाने मुलाच्या डोक्यातील गणित ओळखणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीवाचून दुसरी येत नाही. परंतु पहिली आली म्हणून दुसरी आपोआप येत नाही. उन्हाळी वर्गात उमगलेला अर्थ जून महिन्यातल्या चाळीस मुलांच्या वर्गात उतरविण्यासाठी त्या वर्गाजवळच मदत लागते. जपानमधील शिक्षकांत यासाठी जुनी प्रथा आहे. काही शिक्षक मिळून एक पाठ तयार करतात, त्यांपैकी एकजण तो वर्गात घेतो, इतर मागे बसून मुलांकडे पाहतात, आणि मग सर्वजण त्या पाठाची चिकित्सा करतात. टीका पाठावर असते, शिक्षकावर नसते. अशी प्रथा एका वर्षात रुजत नाही.

न्यूयॉर्कमध्ये २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘मॅथ फॉर अमेरिका’ या संस्थेने वेगळ्या टोकाने आरंभ केला. तिचे संस्थापक जेम्स सायमन्स हे प्रथम नामांकित गणितज्ञ होते आणि पुढे गुंतवणुकीच्या व्यवसायात त्यांनी अमाप संपत्ती मिळविली. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचा विचार असा की, गणित जाणणारा माणूस शाळेत टिकत नाही, कारण त्याला तेथे ना प्रतिष्ठा, ना बरोबरीच्या माणसांची संगत. म्हणून सरकारी शाळांतील निवडक शिक्षकांना चार वर्षांची अधिछात्रवृत्ती, वर्षाला १५,००० डॉलरचे जादा मानधन आणि एकमेकांकडून शिकण्यासाठी संध्याकाळचे वर्ग अशी योजना आखली गेली. हे वर्ग पुष्कळदा शिक्षकच शिक्षकांसाठी चालवितात. भारतातील परिस्थितीत एवढे मानधन शक्य नसेल. पण शिक्षकाला केवळ प्रशिक्षणार्थी न मानता विद्वान सहकारी मानावे, या भूमिकेला खर्च लागत नाही.

भारतात उद्योगांना या कामाकडे वळविणारा कायदाही आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाप्रमाणे ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये अथवा त्याहून अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे निदान दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावयाचे असतात. १ एप्रिल २०१४ पासून ही तरतूद लागू झाली. शिक्षण हा त्यातील मान्य विषय आहे, आणि कारखान्याच्या आसपासच्या प्रदेशाला अग्रक्रम द्यावा असेही कायदा सांगतो. परंतु हिशेब वर्षाच्या मुदतीचा असतो. अनेक वर्षे चालणारे काम मंजूर करण्याची सोय नियमांत आहे, तीही आरंभीचे वर्ष सोडून तीन वर्षांपुरती. या चौकटीत भिंती रंगविणे, बाके देणे, दूरदर्शनसंच बसविणे सोपे जाते. त्यांची छायाचित्रे निघतात, नगांची मोजणी होते. शिक्षकाच्या समजुतीचे छायाचित्र निघत नाही. म्हणून चांगल्या हेतूचा पैसाही पुष्कळदा ज्या वस्तू मोजता येतात त्यांच्याकडे वाहत जातो.

या कामात आणखी काही धोके आहेत, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. साधने विकणाऱ्या कंपनीने प्रशिक्षण दिले तर ते साधनांच्या जाहिरातीत बुडण्याची भीती असते. नामांकित शाळा निवडल्या तर अहवाल उजळ दिसतो, पण गरजू शाळा तशाच राहतात. तीन दिवसांचे शिबिर, त्यात शहरातून आलेल्या वक्त्याची व्याख्याने, शेवटी प्रमाणपत्र, हा प्रकार शिक्षकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. त्यातून परत जाताना ते एक दप्तर आणि एक पेन घेऊन जातात. शिवाय शिक्षकाचा वेळ ही दुर्मिळ वस्तू आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य शिक्षणबाह्य कामे त्याच्यावर लादण्यास मनाई केली; तरीही कागदपत्रे भरण्यात त्याचा दिवस सरतो. त्याच्या सुटीवर आणखी एक हक्क सांगणारे प्रशिक्षण त्याला शिक्षाच वाटेल.

मग उद्योगाने करावयाचे काय? प्रथम, शिक्षकांच्या एकाच गटाला अनेक वर्षे साथ द्यावी. दुसरे, विषय मोजके घ्यावेत. स्थानिक किंमत, वजाबाकी, भागाकार आणि अपूर्णांक एवढ्यांवर दोन वर्षे काम झाले तरी ते थोडे नव्हे. तिसरे, प्रत्येक बैठकीत मुलांच्या वह्या असाव्यात. ३५ हे उत्तर किती मुलांनी लिहिले आणि का लिहिले, याची चर्चा तेथे व्हावी. चौथे, शिबिरानंतर अनुभवी मार्गदर्शकाने वर्गात जाऊन बसावे, पण तपासनीस म्हणून नव्हे, सोबती म्हणून. पाचवे, अभ्यासक्रम आणि अध्यापन यांची सूत्रे शिक्षक व शिक्षणतज्ज्ञ यांच्या हाती ठेवावीत. द्रव्य देणाराने हिशेब अवश्य मागावा, पण पाठ लिहू नये.

महाराष्ट्राबाहेरील मराठी वस्त्यांत या विचाराला विशेष महत्त्व आहे. गोवा, बेळगाव, हैदराबाद येथे मराठी माध्यमाच्या शाळा चालू आहेत. त्यांतील शिक्षकाच्या प्रशिक्षणाची भाषा आणि त्याच्या वर्गाची भाषा नेहमी एकच असेल असे नाही. ‘पावणेदोन’ आणि ‘साडेतीन’ या शब्दांतून मूल अपूर्णांकाकडे कसे जाते, हे त्याला मराठीतच बोलून पाहावे लागेल. असे बोलणे व्हावे यासाठी मोठे विद्यापीठ लागत नाही. शहरातील एखाद्या वाचनालयाची खोली, एक कपाट साधने, आठ-दहा शाळांतील शिक्षक, जाण्यायेण्याचा खर्च आणि महिन्याकाठी एक बैठक, एवढ्याने आरंभ होतो. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील मराठी मंडळींनी नाटकांसाठी आणि ग्रंथालयांसाठी पिढ्यान्पिढ्या वर्गणी दिली आहे. तेथील मराठी मुले हिंदी, गुजराती किंवा इंग्रजी शाळांत शिकत असली तरी त्यांच्या शिक्षकांसाठी अशी खोली उघडण्यास काहीच आडकाठी नाही. वर्षाअखेर वर्गणीदारांनी त्या शिक्षकांना किती बैठका झाल्या, हे अवश्य विचारावे. पण त्याआधी, या वर्षी मुलांच्या कोणत्या चुकीचे कारण सापडले आणि त्यानंतर वर्गात काय बदलले, हे विचारावे. त्याचे नेमके उत्तर मिळू लागले म्हणजे आपले द्रव्य कारणी लागत आहे, असे त्यांनी समजावे.